‘खाली’ नावाचा फोल्डर

८ फेब्रुवारी, रविवार

झालं एकदाचं! वरचा कॉम्प्युटर आणि खालचा कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला लागले.

भाची सकाळी आली. आल्या आल्या चपला एकीकडे, पिशवी एकीकडे, आणि ती सरळ माझ्या टेबलाखाली. राउटर, वायर, पासवर्ड — तासभर तोंडात हेच. पासवर्ड म्हणे बारा अक्षरी हवा, कोणाला ओळखता येऊ नये असा. मी म्हटलं, "मग माझ्याही लक्षात राहणार नाही." "काका, लिहून ठेवा कुठेतरी." लिहिला. भिंतीवर, खडूने, हातभर अक्षरात. चोराला निदान शोधाशोध नको.

मग म्हणाली, "आता नेटवर्कवर टिचकी मारा. काय दिसतं?" दोन छोटी चित्रं. एकाखाली ‘खालचा’, एकाखाली ‘वरचा’. ‘वरचा’ उघडला — आणि हिच्या, म्हणजे बायकोच्या, टेबलावरच्या फाइली माझ्यासमोर! सतरा पायऱ्या न चढता! ऑगस्टात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून मी वरची खोली पाहिलेली नाही. डॉक्टरांनी जिना बंद केलाय. तेव्हापासून हीच पेनड्राइव्ह मुठीत धरून दिवसातून चार-पाच वेळा खाली येते, आणि प्रत्येक पायरीवर "आई गं" म्हणते. आता तिचे गुडघे सुटले.

भाचीने विचारलं, "काका, तुम्ही मावशीचे नमुने तपासता म्हणजे नक्की काय करता?" तिला वाटत होतं शुद्धलेखन बघतो! सांगितलं. तुझी मावशी विणकामाच्या मासिकासाठी नमुने तयार करते — स्वेटर, शाल, टोपी. कॉम्प्युटरवर चौकोन आखून. ते छापण्याआधी कोणीतरी विणून बघावं लागतं. तो कोणीतरी मी. आणि तपासनिसाचा नियम एकच — लिहिलंय तेवढंच विणायचं, अक्कल चालवायची नाही. चूक असेल तर चुकीचंच विणायचं, म्हणजे ती दिसते. छत्तीस वर्षं कारखान्यात लेथवर मी हेच केलं. ड्रॉइंगवर आहे तेच कापायचं.

"मग मावशी स्वतः का विणून बघत नाही?"

कारण करणाऱ्याने स्वतःचं तपासायचं नसतं! त्याचा हात मनातलं विणतो, कागदावरचं नाही. फार वर्षांपूर्वी हिने एकदा स्वतः तपासून नमुना पाठवला होता. बाहीत चूक. तीन महिने पत्रं येत होती. एका बाईने तर अर्धी बाहीच पाकिटात घालून पाठवली — ‘पुढचं तुम्हीच विणा.’ ही दोन दिवस जेवली नव्हती. त्या आठवड्यात मी सुया हातात घेतल्या. कारखान्यात कळलं तेव्हा फोरमनने मला वर्षभर ‘मावशी’ म्हणून हाक मारली. मारू दे. त्यानंतर हिचा एकही नमुना चुकीचा छापला गेला नाही.

निघायच्या आधी भाचीने ओरडून विचारलं, "मावशी, कुठला फोल्डर शेअर करू?" ही स्वयंपाकघरात दुधापाशी. "अगं, कामाचा कर!" — आणि तेवढ्यात दूध उतू गेलंच.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून तीन फाइली आल्या. ‘वरचा’ उघडायचा, त्यात ‘काम’, त्यात ‘खाली’ नावाचा फोल्डर. माझं सगळं त्याच्यात.

ही दिवसभरात एकदाच खाली आली, जेवायला. हा हिशोब काही मी केला नव्हता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हॉस्पिटलातून व्यायामवाली आली, हाताचे व्यायाम करून घेणारी. मंगळवार आणि शुक्रवार हे तिचे वार. बाई गोड आहे, पण हात पिळताना दयामाया नाही.

आज घड्याळ काढायला लावलं. गोल काढला, आकडे टाकले. मला वाटलं, झकास. तिने कागद माझ्या उजवीकडे सरकवला तेव्हा दिसलं — बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेले! डावीकडे मैदान मोकळं. डोळे ठणठणीत आहेत म्हणे. फक्त डावीकडची बातमी डोकं घेत नाही. हळूहळू सुधारतंय, असं ती म्हणते. मी काय म्हणणार!

जेवतानाही तसंच. ताटात डावीकडचं उरतं, मला वाटतं जेवण संपलं.  अर्धं झालं की ही बोलता बोलता ताट फिरवून ठेवते. पहिल्यांदा मला वाटलं, पुन्हा वाढलं.

टोपी पुरी केली. चार दिवसांत! चिठ्ठी टाइप करून ‘खाली’मध्ये टाकली — ‘टोपी. ओळ ९ ला डाव्या हाताने टाके पुढे सरकत नाहीत, जाड सुई सांगावी. बाकी चूक नाही. — तपासनीस.’ सहा महिने झाले, एवढा डावा हात लुळा, तरी काम एकदाही अडू दिलं नाही. व्यायामवालीला टोपी दाखवली. ती म्हणाली, "काका, तुम्ही म्हणजे कमाल!" आता आहेच, त्याला मी काय करू.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नको होतं बघायला.

टोपीची फाइल पुन्हा हवी होती. ‘खाली’ऐवजी शेजारचा फोल्डर उघडला गेला. ‘छापायला’. भाचीने सगळा ‘काम’ फोल्डरच उघडा ठेवलाय — हिनेच सांगितलं ना ओरडून! त्यातही टोपी होती. उघडली.

ती माझी टोपी नव्हती. माझी सरळ — सुलट, उलट, सुलट, उलट. छापायच्या टोपीला कानपट्ट्या, मधून दोन वेण्या फिरवलेल्या. नाव तेच, तारीख तीच.

मग मोजे काढले. मग बंडी. मग हातरुमालाएवढी ती चौकट, जी मी डिसेंबरात आठ दिवस घासत होतो. प्रत्येकाच्या दोन-दोन फाइली. एक छापायला. एक खाली.

मी इतके महिने काम करत नव्हतो. मला काम करायला दिलं जात होतं. रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं!

कमाल आहे म्हणे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

"जेवलात ना नीट?" "जेवलो." "गप्प का?" "काही नाही." एवढंच बोलणं.

ताट फिरवू दिलं नाही. उपाशी उठलो.

१५ फेब्रुवारी, रविवार

राग कालच्यापेक्षा कमी आहे. खरं तर राग नाहीच, लाज आहे. मी त्या चिठ्ठ्यांखाली ‘तपासनीस’ लिहीत होतो! आणि ही वर बसून वाचत होती. हसली नसेल. हसली असती तर बरं झालं असतं.

पण डोक्यात वेगळाच किडा वळवळतोय. छापायचे खरे नमुने मग तपासतं कोण?

सकाळी चहा देताना तिचा उजवा हात बघितला. मनगटाला पट्टा. दिवाळखोर डोकं माझं — जानेवारीपासून तो पट्टा आहे! "माऊसने दुखतंय," म्हणाली होती आणि मी मानलं होतं. माऊसने मनगट दुखतं, मान्य. पण तर्जनीच्या टोकाला सुईने पडलेला घट्टा माऊसने पडत नाही. माझ्याही बोटाला तोच आहे.

म्हणजे ही आखते पण तीच, विणते पण तीच, आणि वर माझ्यासाठी वेगळा सोपा नमुना करते. तीन माणसांचं काम. आणि वर "मी जरा पडते हं" म्हणून दुपारी दार लोटून घेते. पडते कसली! विणत बसते.

आणि ती स्वतःचंच तपासतेय. पुन्हा.

‘छापायला’मध्ये सगळ्यात वर एक शाल आहे. विशेषांकाचं मुखपृष्ठ. संपादकबाईंकडे पाठवायची तारीख नावातच लिहिलीय — २८ फेब्रुवारी. ती पाकिटातली बाही आठवते मला. आता ही बासष्ट वर्षांची आहे. आता तशी पत्रं यायला लागली तर दोन दिवस न जेवून भागणार नाही.

शाल मी विणणार.

१६ फेब्रुवारी, सोमवार

फाइल उचलून माझ्या कॉम्प्युटरवर घेतली. भाचीने शिकवलंय — तिकडून धरायची, इकडे आणून सोडायची. मूळ फाइल जागच्या जागी राहते. वर काही कळत नाही. चोरी म्हणावी तर मालकाची वस्तू जागेवर!

पूर्ण शाल मला या जन्मात व्हायची नाही. किनार तपासायची. सगळी गोम किनारीतच असते. एकसष्ट टाके, जाळीची वीण. जाळीचा हिशोब सोपा — एक भोक पाडलं की एक टाका वाढतो, दोन टाके एकत्र विणले की एक कमी होतो. भोकं आणि जोड्या सारख्या हव्यात. प्रत्येक ओळीनंतर एकसष्टच भरले पाहिजेत.

डाव्या हाताने सुई धरवत नाही. टेबलाला छोटा व्हाइस, म्हणजे लोखंडी शिकंजा, लावलाय, त्याच्या जबड्यात रबर घालून डावी सुई आवळली. उजवा हात विणतो, डावा फक्त टाके पुढे ढकलतो, तेही मनात आलं तर. टोपीपर्यंत हे चालून गेलं. जाळीला घाम फुटला.

आज दोन ओळी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दीड ओळ. आणि हिने ‘खाली’मध्ये बाळाचे मोजे टाकलेत, तेही विणायला हवेत, नाहीतर संशय येईल! घरात दोन-दोन कामं लपवणारे आता दोघं झालो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

अठरावी ओळ. हात सुधारतोय का मी हट्टाला पेटलोय, कळत नाही.

दुपारी अचानक जिन्यावर "आई गं"! मांडीवरची चादर पटकन व्हाइसवर ओढली, शाल तिच्याखाली. ही दारात. "काय करताय?" "मोजे." "मोजे तर खिडकीत दिसतायत." चोराच्या मनात चांदणं! मी म्हटलं, "विश्रांती घेतोय." ती बाजूला येऊन बसली. काही काम नव्हतं तिचं. म्हणाली, "तो पेनड्राइव्ह बरा होता हो. निदान तुमचं तोंड दिसायचं."

मी चादरीखाली सुई धरून बसलो होतो, नाहीतर तेव्हाच सगळं सांगून टाकलं असतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

कालपर्यंत चौतीस. दिवसाला आठ ओळी होतायत! आज अडतीसावी पुरी केली आणि टाके मोजले.

साठ.

पुन्हा मोजले. साठ.

एक कमी. कुठे टाका गळला असेल तर खाली शिडीसारखी उसवण दिसते. बोट फिरवून पाहिलं, नाही दिसत. पण मला दिसत नाही याला आता काय किंमत आहे? अडतीसावी उसवली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा विणली. साठ.

पुन्हा उसवली. पुन्हा विणली. साठ!

कारखान्यात असतो तर छाती ठोकून सांगितलं असतं, ड्रॉइंग चुकलंय. तेव्हा माझ्या मापावर माझा भरवसा होता. आता पडद्यावर नमुना बघतो, अडतीसाव्या ओळीत जोड्या सहा आणि भोकं पाच. सहावं भोक नाही. नाही — का मला दिसत नाही? असलं तर ते डाव्या टोकाला असणार. आणि डावीकडची बातमी माझं डोकं घेत नाही. घड्याळ काढलं होतं तेव्हाही मला सगळं बरोबरच वाटलं होतं!

चूक कागदावर आहे की माझ्यात, हेच मला सांगता येत नाही. इतकं एकटं मला हॉस्पिटलातही वाटलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

व्यायामवालीकडून टाके मोजून घेतले. "साठ आहेत काका." म्हणजे मोजणी बरोबर. पण त्याने सुटत काही नाही. भोक मी गाळलं की हिने, ते नमुना बघितल्याशिवाय कळणार नाही. आणि नमुना तिला दाखवला तर ती पाचव्या मिनिटाला वर जाऊन सांगेल. पोटात काही राहत नाही तिच्या.

प्रिंटर वर. हिच्या उशाशी. छापायची सोय नाही.

चार दिवस उरले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं! सापडलं!! 

जेवताना हिने नेहमीसारखं ताट फिरवलं. डावीकडचा भात उजवीकडे आला आणि मला दिसला. मी घास हातात धरून तसाच बसलो. ही म्हणाली, "काय हो, खडा लागला?"

अरे, ताट फिरवता येतं तर नमुना का नाही?

ही वर गेल्यावर कॉम्प्युटरचा पडदा पायापासून सोडवला — चार स्क्रू, आमचाच धंदा — आणि टेबलावर उलटा ठेवला, उशीला टेकवून. खालचं वर, डावीकडचं उजवीकडे! आता ते डावं टोक माझ्या चांगल्या बाजूला. अडतीसावी ओळ शोधली. एकेका चौकोनावर बोट ठेवलं. जोड्या सहा. भोकं — एक, दोन, तीन, चार, पाच.

आणि त्याच्यापुढे रिकामा चौकोन. पांढराफटक!

चूक कागदावर आहे. माझ्यात नाही. माझ्यात नाही!

एवढ्यात ही परत खाली, चष्मा विसरला म्हणून. उलट्या पडद्याकडे बघते, उशीकडे बघते, माझ्याकडे बघते. "अहो, हे काय, झोपवलंत की काय त्याला?" "धूळ पुसतोय." "उलटा करून?" "आतली." चष्मा घेऊन गेली. जिन्यावर हसल्याचं ऐकू आलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळपासून चहा गार होत होता आणि मी कळफलकासमोर. सांगितलं तर तिला कळणार की मला सगळं माहीत आहे. टोपी, मोजे, बंडी, सगळं. मग ‘खाली’चा खेळ संपला. मग कदाचित मला काहीच येणार नाही. सोपं पण नाही. आणि नाही सांगितलं तर विशेषांकाच्या मुखपृष्ठावर हिचं नाव आणि हजारो बायका अडतीसाव्या ओळीला अडकलेल्या.

असल्या प्रश्नाला इतका वेळ लावला, याचीच लाज वाटते.

टाइप केलं — ‘शाल, किनार. ओळ ३८, डाव्या टोकाचा चौकोन. भोक राहिलंय. टाके ६० भरतात, ६१ हवेत. तीनदा विणून पाहिलं. — तपासनीस.’ आणि चिठ्ठी ‘खाली’मध्ये नाही, ‘छापायला’मध्ये टाकली.

मग वरच्या जमिनीचे आवाज ऐकत बसलो.  मग खुर्ची सरकली. मग जिना. आज "आई गं" नाही. मधेच पाय थांबले. मग पुन्हा सुरू झाले.

दारात उभी राहिली. "हे कुठून काढलंत?"

"नेटवर्कमधून. तूच म्हणालीस ना, कामाचा कर."

"कधीपासून माहीत आहे?"

"तेरा दिवस."

मी चादर बाजूला केली. तिने व्हाइसमधली किनार बघितली. खुर्चीत बसली, चष्मा लावला, मोजायला लागली. साठ. मग माझ्या पडद्यावर ओळ बघितली. मग कितीतरी वेळ त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून बसली.

"मी चार वेळा विणली हो ही. चारही वेळा एकसष्ट भरले."

"भरणारच. भोक तुझ्या डोक्यात होतं, कागदावर कुठे होतं?"

हसायला आलं तिला. हसता हसता रडायला लागली. मीही काही मागे राहिलो नाही.

म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं."

"वाटलं. खूप वाटलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

मग सांगितलं तिने. ऑक्टोबरात तिने मला पहिला नमुना दिला होता, नेहमीचा, अवघड. मी दुसऱ्याच ओळीला सुया भिंतीवर फेकल्या आणि म्हणालो, मला भंगारात काढा. मला काही म्हणजे काही आठवत नाही. "दुसऱ्या दिवशी मी एक साधी पट्टी आखून दिली. तुम्ही ती पुरी केलीत. त्या दिवशी जेवताना शीळ घातलीत. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग मला दुसरं काही द्यायचा धीरच झाला नाही हो."

मी तिचं मनगट घेतलं. पट्टा सोडला. सुजलंय, चांगलं सुजलंय. म्हटलं, आजपासून सुईला हात लावशील तर याद राख. "आणि तपासणार कोण?" म्हणाली — आणि स्वतःच व्हाइसकडे बघायला लागली.

२८ फेब्रुवारी, शनिवार

शाल गेली. भोक भरून — म्हणजे पाडून. अडतीसावीपासून पुढची किनार विणली, प्रत्येक ओळ एकसष्ट. संपादकबाईंना हिने सांगितलं, पुढच्या वेळेपासून दहा दिवस जास्त लागतील, आमचा तपासनीस सावकाश काम करतो. बाई म्हणाल्या म्हणे, "पण तो परत आला ना? मग घ्या दिवस."

संध्याकाळी मी म्हटलं, "आता तो ‘खाली’ फोल्डर उडवून टाक."

"नाही."

"का? झालं ना सगळं उघड?"

"तो कामाचा आहे," म्हणाली आणि वर निघून गेली.

कामाचा! पुन्हा कधी मी पडलो तर उपयोगी, असंच ना? तिच्या मनात अजून धाकधूक आहे.  बोचलं.

३ मार्च, मंगळवार

हिला शब्द दिलाय की ‘वरचा’मध्ये विचारल्याशिवाय काही उघडणार नाही. उघडत नाही. पण फोल्डरची यादी तर दिसतेच! ‘खाली’समोर लिहिलंय — बदल: आज. काल बघितलं तेव्हा: काल. रोज कोणीतरी त्याच्यात हात घालतंय. हीच, आणखी कोण!

माझ्याकडे नवीन फाइल मात्र एकही नाही. खरी जाकिटाची फाइल आलीय, वेण्यांची, अवघड. पाचवी ओळ चालू. डावा हात आज दोनदा आपण होऊन टाके सरकवून गेला. हिला हाक मारून दाखवलं. तिसऱ्यांदा अर्थातच नाही केलं त्याने. माझ्यावरच गेलाय.

६ मार्च, शुक्रवार

व्यायामवाली माझा तास संपवून वर गेली. अर्धा तास! दोघींचं काय गुळपीठ चाललंय कळत नाही. खाली येताना तिने माझ्याकडे बघितलं आणि फुसकन हसली. "काका, ‘सुई आहे की पहार’ हे तुम्ही खरंच लिहिलं होतंत?"

लिहिलं होतं. डिसेंबरात, त्या चौकटीच्या चिठ्ठीत. म्हणजे माझ्या चिठ्ठ्या वाचल्या जातायत. मोठ्याने!

रागावलोय.

१० मार्च, मंगळवार

आज माझ्या कॉम्प्युटरवर एक फाइल आपली आपण येऊन बसली. नाव — ‘तपासायला’. पुस्तक आहे. ‘झटक्यानंतरचं विणकाम’, एकोणीस नमुने, ‘खाली’मधले सगळे. प्रत्येक नमुन्याखाली माझी चिठ्ठी, जशीच्या तशी — कुठे हात अडतो, कुठली सुई घ्यावी, व्हाइसला रबर किती, पहारसुद्धा. व्यायामवालीच्या हॉस्पिटलात प्रत्येक पेशंटच्या हातात देणार आहेत.

पहिल्या पानावर दोनच ओळी: ‘यातला प्रत्येक टाका अशा माणसाने तपासला आहे, ज्याचा डावा हात त्याचं ऐकत नाही. तो स्वतःही कोणाचं ऐकत नाही.’

पडदा उलटा करून वाचलं. मग वर चिठ्ठी पाठवली — ‘पान १. चूक नाही. लिहिलंय तसंच आहे. — तपासनीस.’